घर क्रमांक सातची तपासणी

अर्ज क्रमांक तेवीस, पान चार

घर क्रमांक : सात
जेवणारी माणसं : दोन (पती, पत्नी)
जेवताना पत्नी किती वेळा उठली : अकरा
कशासाठी : मीठ, पाणी, लिंबू, पुन्हा पाणी, दुसरा चमचा, पंखा कमी, पंखा जास्त, चष्मा, हात पुसायला फडकं, फोन. आणि एकदा उगाच, सवयीने.
पती किती वेळा उठला : एकदा (जेवण झाल्यावर)
पतीचं म्हणणं : "जेवताना अकरा वेळा उठणारी बाई भोळी असली पाहिजे, नाहीतर तिचा नवरा आंधळा."
शेरा : हे घर आमच्या अध्यक्षा ████████ यांचं स्वतःचं आहे. जेवताना बाईनेही बसून जेवायचं, या मोहिमेला दोन वर्षं झाली. बाकीच्या एकोणचाळीस घरांत कमीजास्त फरक पडला. इथे नाही.

हे पान वाचून साहेब इतके हसले की टेबल हललं आणि चहा बशीत आला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" ते म्हणाले. "एकोणचाळीस घरं सुधारली आणि स्वतःच्या घरात ठणठणाट."

"पण लिहिलं तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीच्या अर्जांत नुसता विजयच विजय. वाचून दात दुखायला लागले माझे."

"म्हणून तर माझे दहापैकी दहा." साहेबांनी पेन्सिलीने आकडा टाकला. "आणि हा नवरा बघा. बोलतो मात्र नेमकं हं! बाई भोळी, नाहीतर नवरा आंधळा. माणूस हुशार दिसतो. अशी हुशार माणसं घरात अशी का वागतात, कुणास ठाऊक."

"घरात डोकं लागत नाही ना, साहेब," ड्रायव्हरमामा म्हणाले. "म्हणून खुंटीला अडकवून ठेवतात."

हसणारे कोण, ते

साहेब : निवृत्त न्यायाधीश. तीस वर्षं उंच खुर्चीत बसून लोकांचं ऐकलं, आता खुर्ची साधी आहे पण पाठ अजून तशीच ताठ.

डॉक्टरीणबाई : हाडांच्या. खोटं आणि फ्रॅक्चर दोन्ही लांबून ओळखतात.

ड्रायव्हरमामा : गेल्या वर्षीचे विजेते. बस चालवत होते तेव्हा त्यांनी शहरातल्या सगळ्या ड्रायव्हरांना एक सवय लावली, की थांब्याकडे कुणी धावत येताना दिसलं तर अर्धा मिनिट थांबायचं. इथला रिवाज असा की एका वर्षीचा विजेता पुढच्या वर्षी परीक्षक होतो. शिवाय परीक्षकांची गाडी चालवायचं कामही मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण दुसऱ्याच्या शेजारी बसलं की त्यांचा उजवा पाय उगाच ब्रेक शोधत राहायचा.

न हसणारे दोघं. एक चिटणीसबाई, ज्यांना सगळे नियम पाठ होते. दुसरे कुकरशेठ. शहरासाठी काही चांगलं करणाऱ्यांचा हा पुरस्कार त्यांच्या कंपनीचा, बैठकीची खोली त्यांचीच, आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात त्यांनी आजवर काढलेले सगळे कुकर मोठ्यापासून छोट्यापर्यंत एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखे उभे होते. शेठना बैठकीत बसायचा हक्क होता, बोलायचा नव्हता. ते बोलायचे.

"मी काही बोलत नाही," ते आत्ताही म्हणाले. "पण पाच नंबरचा अर्ज काय वाईट आहे? पोरं स्वतः रंग आणून रस्त्यावरचे पुसलेले पट्टे रंगवतात. म्हातारी माणसं सुखाने रस्ता ओलांडतात. फोटो छान येतो. या तेवीस नंबरात फोटो कसला काढायचा? बसलेल्या बाईचा?"

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो फोटो अजून कुणाकडेच नाही."

शेठनी काचेच्या कपाटाकडे तोंड वळवलं. त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट पडलं होतं. कंपनीची जाहिरात शहरभर लागलेली होती. टेबलाशी चार माणसं जेवताहेत, पाचवी हसतमुख बाई डाव घेऊन उभी, आणि खाली ओळ : आई वाढते, घर वाढतं.

नियम

एक. अर्जातली सगळी नावं काळ्या मार्करने झाकायची. (चिटणीसबाई हे काम इतकं मन लावून करायच्या की एका अर्जात त्यांनी नदीचं नावही झाकलं होतं.)

चार. परीक्षक कोण आहेत हे निकालापर्यंत गुप्त. परीक्षकांनी घरीसुद्धा सांगायचं नाही.

सहा. गुण आधी पेन्सिलीने. मग चिठ्ठी टाकून अर्जातलं एक पान निवडायचं आणि त्या पानावर लिहिलेलं खरं आहे का ते तिथे जाऊन पाहायचं. त्यानंतर गुण शाईने. (एका वर्षी विजेत्याचं वाचनालय बघायला गेले तर पुस्तकं पुठ्ठ्याची निघाली होती. तेव्हापासून.)

नऊ आणि दहा पुढे येतील. तेव्हा ते कुणालाच आवडणार नाहीत.

बक्षीस? एक खोली. भर बाजारपेठेत, तळमजल्यावर, वर्षभरासाठी, दिवे-पंखे-खुर्च्यांसकट. अर्जाच्या शेवटच्या पानावर तेवीस नंबरवाल्यांनी लिहिलं होतं : "आम्ही चाळीसजणी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतो. सावली सरकते तशा आम्ही सरकतो. तिघींचे गुडघे गेले, त्यांना जिने चढवत नाहीत, त्या यायच्या बंद झाल्या. चौथी म्हणते, पुढच्या महिन्यापासून मलाही धरू नका. आम्हाला तळमजला हवा आहे."

साहेबांनी या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती.

पाच नंबरच्या पोरांची तपासणी सकाळीच झाली होती. पट्टे खरे होते, मामांच्या बुटाला अजून पांढरा रंग होता. आता तेवीस नंबरची चिठ्ठी. डॉक्टरीणबाईंनी डबा हलवला आणि उघडली.

"पान चार. घर क्रमांक सात."

साहेबांनी टाळी वाजवली. "वा! चला, त्या आंधळ्याला बघून येऊ."

गाडीत

पत्ता बंद पाकिटात. पाकीट मामांकडे, कारण गाडी तेच चालवणार. चिटणीसबाईंनी बाराच्या सुमाराला अध्यक्षाबाईंना फोन करून एवढंच सांगितलं होतं की एक वाजता पाच माणसं जेवायला येतील, नेहमीसारखा स्वयंपाक करा, वेगळं काही करू नका.

"यजमान घरी नाहीयेत म्हणाल्या," त्यांनी मागे वळून सांगितलं. "जुन्या मित्रांकडे जेवायला गेलेत."

"पळाला!" साहेब खुशीत आले. "बघा, मी सांगतो. साक्ष द्यायची वेळ आली की हे असंच. माझ्या कोर्टात तर एकजण खिडकीतून गेला होता."

"तुम्ही घरी काय सांगून आलात, साहेब?" मामांनी विचारलं.

"मी? जुन्या मित्रांकडे जेवायला जातो म्हणून. नियम चार."

कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मामा गियर बदलत होते, डॉक्टरीणबाई खिडकीतून शेठच्या जाहिरातीकडे बोट दाखवत होत्या. "शेठ, हिला एकदा खुर्ची द्या हो. टाचा दुखत असतील. दोन वर्षं उभी आहे."

गाडी पुलावरून उतरली, औषधांच्या दुकानापाशी वळली.

"अरे, हा तर आमचाच भाग," साहेब म्हणाले.

गाडी आणखी एकदा वळली.

"ही तर आमचीच गल्ली!"

गाडी थांबली.

"इमारतही आमचीच!" साहेबांचा चेहरा खुलला, एखादं जुनं प्रकरण अचानक सुटावं तसा. "मग तर मी पैजेवर सांगतो. चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअर. मला त्या माणसाचा पहिल्यापासून संशय आहे. बायकोच्या हातात चार पिशव्या आणि हा पुढे शीळ घालत."

जिना

पहिला मजला. साहेब सगळ्यांच्या पुढे, वाट दाखवत.

दुसरा मजला. "इंजिनिअरला माझं नाव सांगू नका. नाहीतर उगाच वैर."

तिसरा मजला. साहेब चौथ्याच्या पायरीवर. मागून मामांचा आवाज : "साहेब, कुठं निघालात? इथंच आहे." आणि मामांनी पाकिटातला कागद दाराच्या पाटीशी धरून ताडून पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग पाटीवरचं आडनाव, मग साहेबांचं तोंड.

साहेब वरच्या पायरीवरून खाली बघत होते. त्यांना ती पाटी वाचायची गरज नव्हती. ती त्यांनीच दर महिन्याला ओल्या फडक्याने... नाही. तीसुद्धा बायकोच पुसायची.

बेल वाजली. दार उघडलं. कपाळावर चष्मा, हाताला कणभर हळद.

"या, या," ती म्हणाली. मग तिची नजर पायरीवर गेली. "अहो! तुम्ही कसे आलात? मित्राकडे जेवण नव्हतं का?"

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ ठिबकत होता.

"हे... हेच माझे मित्र," साहेब म्हणाले.

नियम नऊ

अर्जदार परीक्षकाच्या नात्यातला असल्यास अर्ज बाद.

चिटणीसबाईंनी तो तिथेच, जिन्यात, डोळे मिटून म्हणून दाखवला. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण शेवटचा शब्द त्या जवळजवळ पुटपुटल्या.

तिने सगळं ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "म्हणजे खोली नाही?"

"तसंच म्हणायचं."

"माझ्या बायका गच्चीवर थांबल्यात," ती म्हणाली. "गुडघेवाल्यासुद्धा आज चढून आल्यात. एकमेकींना धरून. त्यांना सांगते, आमच्या ह्यांच्यामुळे." रागाने नाही म्हणाली. भाजीत मीठ राहिलं असं सांगावं तशी म्हणाली, आणि साहेबांना ते जास्त लागलं.

मामा डोकं खाजवत होते. "साहेब, माझ्यासारख्याला कायदा कळत नाही. पण बसमध्ये एखादा चुकीचा माणूस चढला तर आपण त्याला उतरवतो. बस नाही मोडीत काढत."

साहेबांनी मामांकडे असं पाहिलं की जणू आयुष्यात पहिल्यांदाच एक चांगला वकील भेटला. ते दोन पायऱ्या खाली आले.

"चिटणीसबाई, माझे गुण शाईने झालेत का?"

"नाही. तपासणीनंतर."

"सही?"

"तीही नंतर."

"मग या अर्जावर मी अजून काहीच ठरवलेलं नाही. मी उतरतो. आत्ता, तपासणी सुरू व्हायच्या आत. पेन्सिल पुसून टाका." त्यांनी पत्त्याचं पाकीट मामांच्या हातातून घेतलं, भिंतीला टेकवून त्यावर राजीनामा लिहिला. चार ओळी, एकही खाडाखोड नाही.

चिटणीसबाईंनी तो दोनदा वाचला. "चालेल," त्या म्हणाल्या. "अर्ज राहतो."

सगळ्यांनी श्वास सोडला. फार लवकर सोडला.

"मात्र," चिटणीसबाई म्हणाल्या, "नियम दहा."

परीक्षकाची जागा ऐनवेळी रिकामी झाल्यास ती प्रायोजकाने भरावी.

सगळ्यांच्या माना एकदम कुकरशेठकडे वळल्या. ते चपला काढत होते. एक चप्पल हातात, एक पायात.

"मी?" ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मनात बेरीज केली, ती तोंडावर दिसली. त्यांचे आणि मामांचे मिळून दोन्ही अर्जांना सतरा-सतरा. म्हणजे आता खोली कुणाला, ते या चपलेवाल्याच्या हातात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

"मग मी कोण आता?" साहेबांनी विचारलं. तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न पडला नव्हता.

"तुम्ही घर क्रमांक सातमधले पती," चिटणीसबाई म्हणाल्या. "पुरावा. आपल्या खुर्चीवर बसा आणि रोजच्यासारखं जेवा. नवीन काही करायचं नाही."

जेवण

टेबलाला पाच माणसं आणि ती. तिचं ताट स्वयंपाकघराच्या बाजूला, खुर्ची अर्धी बाहेर ओढलेली, कायमचीच. परीक्षकांच्या मांडीवर कागद. कुणी बोलून मोजायचं नाही, आपापल्या कागदावर रेघ मारायची.

एक. "जरासं मीठ..." शेठ म्हणाले, आणि 'मीठ' पूर्ण व्हायच्या आत ती उठलेली.

दोन. पाणी. शेठनाच.

तीन. साहेबांनी काही मागितलं नाही. नुसतं ताटाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. ती उठली, लिंबाची फोड आली. साक्षीदाराच्या पापणीवरून खोटं ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच डोळ्यांनी दिलेला हुकूम आज पहिल्यांदा दिसला. घास तोंडात तसाच राहिला.

चार. हा साहेबांमुळेच. त्यांना सहन होईना, ते स्वतः चमचा आणायला उठले. पहिल्या कप्प्यात मेणबत्त्या. दुसऱ्यात औषधं. तिसऱ्यात जुनी बिलं आणि एक घंटी, जी कुठून आली ते कुणालाच माहीत नव्हतं.

"साहेब, पुराव्याने जागा सोडायची नाही!" चिटणीसबाई ओरडल्या.

"चमचे कुठे असतात गं?"

"तुम्ही बसा हो," ती उठत म्हणाली. "तुम्ही असे फिरायला लागलात तर आमचा आकडा खोटा पडेल. इतकी वर्षं नाही सुधारलात, आणखी अर्धा तास कळ काढा."

मामांना ठसका लागला. (पाच. मामांसाठी पाणी. मामा ठसक्यातच "अहो नको, नको" म्हणत होते आणि एका हाताने रेघ मारत होते.)

सहा आणि सात असे लागून आले की डॉक्टरीणबाईंना दोन रेघा एकदम माराव्या लागल्या. शेठना उकडत होतं, पंखा वाढवला. त्याने चिटणीसबाईंचे कागद उडाले, पंखा कमी केला.

आठ. पुन्हा शेठचं पाणी.

नऊ. फोन वाजला. गच्चीवरून. "अजून जेवताहेत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हो, खातात चांगले. ठेव."

दहा. कुणी काही मागितलं नव्हतं. ती उठली, स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेली, थांबली आणि परत येऊन बसली.

"काय हवं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नियमात बसत नव्हतं, तरी.

"आठवत नाही," ती हसली. "कुणाला तरी काहीतरी हवं असणारच ना."

साहेबांनी तिच्या ताटाकडे पाहिलं. भात तसाच होता, वरून सुकलेला. त्यांचं स्वतःचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं आणि त्यांना उठायची परवानगी नव्हती. ते तिच्या समोर बसून राहिले, तिचा शेवटचा घास होईपर्यंत. त्याला अकरा मिनिटं लागली. एवढा वेळ ते जेवणानंतर टेबलाशी कधी बसले नव्हते.

मोजणी

डॉक्टरीणबाई : ||||| |||||
ड्रायव्हरमामा : ||||| |||||
चिटणीसबाई (अनधिकृत) : ||||| |||||
कुकरशेठ : ||||| |

"सहा?" डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून पाहिला. "शेठ, चार कुठे गेले?"

"मी नीट मोजलेत," शेठ म्हणाले. "लिंबू एक, चमचा दोन, मामांचं पाणी तीन, कागद उडाले म्हणून पंखा चार, फोन पाच, आणि ते उगाच उठल्या ते सहा."

"आणि मीठ?"

"ते तर माझं होतं."

"पाणी?"

"तेही माझं..."

"दुसरं पाणी? आणि आधीचा पंखा?"

शेठ बोटाने पुन्हा रेघा मोजायला लागले. त्यांच्या मनात लबाडी नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. आपल्यासाठी कुणी उठलं तर ते उठणं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांना त्या क्षणी शेठ सख्ख्या भावासारखे वाटले.

"अर्जदार आणि पुरावा यांनी बाहेर थांबावं," चिटणीसबाईंनी फर्मावलं. "परीक्षक विचार करतील."

"आमच्याच घरातून?" साहेब म्हणाले.

"चला हो," ती म्हणाली.

बाहेर

दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. तीस वर्षं लोकांना बाहेर थांबा म्हणून सांगितलं, पण बाहेर थांबल्यावर हात कुठे ठेवायचे असतात ते साहेबांना माहीत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर, मग घडी घातली.

"अगं, मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? मीठ आणायला उठले, असं?"

"मी ऐकलं असतं."

"ऐकलंत की. एवढं छान वाक्य बोललात. भोळी बाई, आंधळा नवरा. आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या त्यावर."

"ते मी बोललो होतो?"

"मग काय इंजिनिअरभाऊजी? ते बिचारे गेलं वर्षभर स्वतःचं पाणी स्वतः घेतात. घर क्रमांक बारा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, हा नवरा हुशार आहे."

ती हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. साहेबांनाही मग हसू आवरेना. वरच्या कठड्यावरून दोन-तीन डोकी डोकावली आणि "ताई, झालं का?" असं कुजबुजली. तिने हातानेच थांबा म्हणून सांगितलं.

"मी दहापैकी दहा दिले होते," साहेब म्हणाले. "सांगू नये, गुप्त आहे."

"दहा?" तिने वळून पाहिलं. "माझ्या स्वयंपाकाला कधी सातच्या वर गेला नाहीत."

"अर्ज जास्त चांगला होता."

"आणि ते पुसले?"

"मीच पुसायला सांगितले." साहेबांचा आवाज खाली गेला. "आता तो शेठ बसलाय माझ्या जागेवर. खोली गेली तर माझ्यामुळे जाईल. बसून राहिलो असतो तरी गेली असती, उठलो तरी जाईल. आयुष्यात एकदा उठलो, तेही हे असं."

तिने पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उठलात ते बरं केलंत. खोटं बोलून आणलेल्या खोलीत माझ्या बायका बसल्या नसत्या. उभ्या राहिल्या असत्या, पण बसल्या नसत्या."

दारामागून शेठचा आवाज यायला लागला. एकट्याचाच. फोनवर असावेत.

"...जेवलीस का? ... काही नाही, सहज विचारतोय. ... अगं नाही, तब्येत ठणठणीत आहे. ... हॉस्पिटलमधून नाही बोलत! ... नाही, पाहुणे येणार नाहीयेत. ... मी काय म्हणतो, जेवताना तू किती वेळा उठतेस गं? ... अंदाजे सांग. ... मोजायला बसलीच नाहीस कधी? ... बरं. ... बरं, ठेव. जेव."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग डॉक्टरीणबाईंचा, काहीतरी ठासून सांगणारा. मग मामांचं हसू. साहेब दाराला कान लावायला उठत होते, तिने बाही धरून खाली बसवलं.

"लाज बाळगा. न्यायाधीश होतात."

दार उघडलं. आधी चिटणीसबाई आल्या, छातीशी फाईल धरून, चेहरा कोऱ्या पानासारखा.

"शाईने गुण झाले. सह्या झाल्या. निकाल समारंभात जाहीर होईल. तोपर्यंत कुणीही, कुणालाही, काहीही..."

त्यांच्या खांद्यावरून शेठ पुढे झाले. चेहऱ्यावर एक अवघडलेला, नवा उत्साह. "ताई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही चाळीसजणी ना? म्हणजे खोलीत खुर्च्या चाळीसच लावू, की दोन-चार जास्त?"

"शेठ!" चिटणीसबाईंच्या हातातून फाईल पडली. "गुप्त! गुप्त असतं ते!"

"मी कुठे निकाल सांगितला? मी खुर्च्यांचं बोलतोय!"

पण वरच्या कठड्यावर ते पोचलं होतं. गच्चीच्या दारातून एकच गलका उठला, आणि मग जिन्यावर पावलं वाजायला लागली, खूप पावलं, सावकाश, एकमेकींना धरून उतरणारी. मामा कडेला सरकले आणि सवयीने हात दाखवून म्हणाले, "सावकाश, सावकाश. थांबलोय आम्ही."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती उठली नव्हती. सगळे उभे होते, चिटणीसबाई, शेठ, डॉक्टरीणबाई, स्वतः साहेब. ती मात्र पायरीवर अगदी ऐसपैस बसलेली.

"ऐंशी लावा," ती शेठना म्हणाली.

"ऐंशी? चाळीसजणींना?"

"नवरे नको का बसायला? त्यांना उभं ठेवणं आमच्या तत्त्वात नाही."